आठवीतल्या मुलीला हायस्कूलच्या जॉमेट्रीत बसवायचं का? कॅलिफोर्नियातल्या एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बे एरियातल्या पब्लिक मिडल स्कूलमध्ये सातवीत आहे, शनिवारच्या बाहेरच्या क्लासमध्ये तिचं अल्जेब्रा वन करून झालंय, शाळा म्हणते आठवीत बाकीच्यांबरोबर अल्जेब्रा वन घे, आणि आईवडिलांना वाटतंय की तिने तेच परत करण्यापेक्षा जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन जॉमेट्री घ्यावी. काउन्सेलर म्हणाली मे महिन्यात प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायची परीक्षा, देऊन बघा. तर टेस्ट द्यावी का आणि पास झाली तर खरंच पाठवावं का.

मी हायस्कूलला गणित शिकवते, मुख्यतः अल्जेब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस, आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या प्लेसमेंट कमिटीवर बरीच वर्षं आहे. त्यामुळे अशी मुलं मला टेस्टच्या दिवशीही दिसतात आणि दोन-तीन वर्षांनी माझ्या वर्गात येतात तेव्हाही दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकते. टेस्ट जरूर द्या, पण निर्णय टेस्टच्या आकड्यावर नका घेऊ, तिच्या वहीवर घ्या, आणि ती कुठल्याही वर्गात बसली तरी जॉमेट्री मात्र पूर्ण एक वर्ष, रोज, शाळेतच होऊ द्या.

आपण जे महाराष्ट्र बोर्डात शिकलो त्यांचा इथे एक गोंधळ होतो. आपल्याकडे नववी-दहावीला गणित भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, एकाच वर्षी शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे एका वर्षी थोडं कच्चं राहिलं तरी पुढच्या वर्षी तोच विषय परत भेटतो. इथे बहुतेक ठिकाणी ते एकामागे एक येतात: अल्जेब्रा वन, मग एक वर्ष फक्त जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी एपी कॅल्क्युलस (हायस्कूलमध्येच शिकवलेला कॉलेज पातळीचा कोर्स), एबी किंवा त्याहून मोठा बीसी. (काही डिस्ट्रिक्टमध्ये इंटिग्रेटेड मॅथ वन, टू, थ्री असतं, ते आपल्या पद्धतीच्या जास्त जवळचं, तुमच्याकडे तसं असेल तर खालचं जॉमेट्रीचं सगळं तिन्ही वर्षांत वाटलेलं आहे असं समजा.) या रचनेचा परिणाम असा की जॉमेट्रीच्या वर्षात अल्जेब्रा जवळजवळ बाजूला पडतं आणि अल्जेब्रा टू सुरू होतं तेव्हा एक वर्ष हात न लागलेलं अल्जेब्रा एकदम लागतं. ज्याचं अल्जेब्रा वन वरवरचं होतं ते मूल जॉमेट्रीत नाही, अल्जेब्रा टू मध्ये अडकतं, दीड-दोन वर्षांनी, आणि तोवर प्लेसमेंटचा निर्णय कोणी घेतला होता हे सगळे विसरलेले असतात. म्हणून जॉमेट्रीत ए आला म्हणजे निर्णय बरोबर होता असं मी कधीच धरत नाही.

आता शिडी मोजून बघा. नववीत अल्जेब्रा वन घेतलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस. आठवीत घेतलं तर बारावीत कॅल्क्युलस. तुमच्या मुलीने आठवीत जॉमेट्री घेतली तर नववीत अल्जेब्रा टू, दहावीत प्रीकॅल्क्युलस, अकरावीत कॅल्क्युलस, आणि बारावीत काय? हा प्रश्न मिडल स्कूलमध्ये कोणी विचारत नाही. काही हायस्कूलमध्ये मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस किंवा लिनिअर अल्जेब्रा असतं, बऱ्याच ठिकाणी नसतं, मग कम्युनिटी कॉलेजमध्ये ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स), म्हणजे गाडी कोण चालवणार, संध्याकाळचा क्लास जमणार का. एपी स्टॅटिस्टिक्स हा पण चांगला पर्याय आहे, लोक उगाच त्याला कमी समजतात. तुम्ही हायस्कूलचा कोर्स कॅटलॉग आजच उघडा आणि बारावीच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा. तिथे काहीच नसेल तर बारावीत ती गणिताशिवाय बसेल आणि थेट कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला गणिताला परत हात लावेल, हे मी बघितलंय आणि ते मुलांना जड जातं. कॉलेज अॅडमिशनसाठी म्हणून पळवत असाल तर बारावीत कॅल्क्युलस झालेलं पुरतं, एमआयटीसुद्धा कॅल्क्युलसपर्यंत गणित करून या एवढंच सुचवते.

आणखी एक गोष्ट जी पालकांना सांगितली जात नाही. २०१० च्या कॉमन कोअरपासून (बऱ्याच राज्यांनी घेतलेला समान अभ्यासक्रमाचा आराखडा) आठवीचं गणित पूर्वीसारखं उजळणीचं वर्ष राहिलेलं नाही. रेषेचा चढ, फंक्शन म्हणजे काय, दोन चलांची समीकरणं, घातांक, अपरिमेय संख्या, पायथागोरस, शिवाय परिवर्तन, एकरूपता आणि समरूपता यांची पहिली ओळख, शंकू आणि गोलाचं घनफळ, हे सगळं आठवीत आहे. पूर्वी यातलं बरंच अल्जेब्रा वन मध्ये शिकवायचे. तेव्हा मूल मॅथ एट, म्हणजे हे आठवीचं गणित, गाळून पुढे गेलं तर नेमकं जे जॉमेट्रीला लागतं तेच गाळलं जातं. चांगले डिस्ट्रिक्ट म्हणूनच गाळत नाहीत, दाबून शिकवतात, म्हणजे सातवी, आठवी आणि अल्जेब्रा वन असा तीन वर्षांचा माल दोन वर्षांत. तुमच्या मुलीने बाहेर अल्जेब्रा वन केलं तेव्हा मॅथ एटचा भूमितीचा भाग कुठे केला? क्लासवाल्यांना विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं की तो केलाच नाही कारण तो अल्जेब्रात येत नाही. हे भरून काढायला उन्हाळा पुरतो, पण ते राहिलंय हे आधी कळायला हवं.

टेस्टबद्दल. कॅलिफोर्नियात खूप शाळा एमडीटीपी नावाची गणिताची निदान चाचणी वापरतात, तो यूसी आणि कॅल स्टेट या राज्याच्या दोन विद्यापीठ समूहांचा एकत्र प्रकल्प आहे, १९७७ पासून चालू आहे, आणि त्याची मोठी सोय ही की निकाल विषयवार मिळतो, म्हणजे घातांक इतके, आलेख इतके, पूर्णांक-अपूर्णांक इतके. इतर राज्यांत आयोवा अल्जेब्रा रेडीनेस, एनडब्ल्यूईए मॅप असं काहीतरी असतं. शाळा तुम्हाला एकच आकडा सांगेल, पास किंवा नापास, किंवा पर्सेंटाइल. तुम्ही विषयवार पान मागा. ९० पर्सेंटाइलच्या दोन मुली असू शकतात, एकीचं सगळीकडे थोडं थोडं गेलंय आणि दुसरीचं अपूर्णांक सोडून सगळं पक्कं आहे, या दोघींचा पुढचा रस्ता वेगळा आहे आणि पर्सेंटाइल ते सांगत नाही. ज्युलियन स्टॅनली यांनी जॉन्स हॉपकिन्सला १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) द्यायला बसवणारे तेच, त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच होता की आधी टेस्ट घेऊन नेमकं काय येत नाही ते शोधा आणि तेवढंच शिकवा. लोकांनी त्यातलं मुलांना लवकर पुढे न्यायचं एवढं उचललं आणि आधी शोधायचं काय ते सोडून दिलं.

आता वही. मी मुलाशी अर्धा तास बसते, कागद-पेन्सिल, कॅल्क्युलेटर नाही. एक प्रश्न नेहमी असतो: क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष, तर क्ष किती? बरीच मुलं दोन्ही बाजूंना क्षने भागतात आणि पाच लिहून पुढे जातात. उत्तर अर्धवट आलं याचं मला फारसं काही वाटत नाही. मी म्हणते शून्य टाकून बघ. एखादा मुलगा म्हणतो हो, शून्यही चालतं, लिहितो आणि पुढचा प्रश्न मागतो. एखादी मुलगी थांबते, आपणच लिहिलेल्या ओळीकडे बघते आणि म्हणते, म्हणजे मी भागलं तेव्हा क्ष शून्य नाही असं धरूनच चालले होते. हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. अशी मुलगी जॉमेट्रीला तयार आहे, टेस्टमध्ये तिला दोन मार्क कमी असले तरी.

दुसरा प्रश्न पाण्याच्या टाकीचा. नळ एकाच वेगाने चालू आहे, ३ मिनिटांनी टाकीत ४१ लिटर, ७ मिनिटांनी ६९ लिटर, तर सुरुवातीला किती होतं? क्लासमध्ये घोटून घेतलेली मुलं चढाचं सूत्र लिहून ७ काढतात, मग समीकरण मांडून २० पण काढतात, आणि मी विचारलं की हे ७ म्हणजे काय, ७ काय, तर गप्प. आणि काही मुलं सूत्र न वापरता बोटं मोजत म्हणतात की ४ मिनिटांत २८ वाढलं म्हणजे मिनिटाला ७ लिटर, मग तीन मिनिटं मागे जाऊ. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला सूत्र शिकवायला मला एक दिवस लागतो. पहिल्याला अर्थ शिकवायला कधी कधी सेमिस्टर जातं. याशिवाय २क्ष वजा ३ कंसात क्ष वजा ४ देते, तिथे शेवटी अधिक बारा येतं का वजा बारा ते बघते, आणि एक भागिले क्ष अधिक एक भागिले तीन देते. ज्यांनी अपूर्णांक फक्त पाठ केलेत ती खाली क्ष अधिक तीन आणि वर दोन लिहितात, आणि अल्जेब्रा टू चा एक अख्खा चॅप्टर त्यांच्यासाठी बुडालेला असतो हे मला तिथेच दिसतं.

हे तुम्ही घरीही करू शकता. फक्त तुम्ही मध्ये बोलू नका. आपल्या लोकांना ते फार अवघड जातं, मूल अडकलं की आपण लगेच पुढची पायरी सांगतो. पाच मिनिटं शांत बसा आणि ती अडकल्यावर काय करते ते बघा. आकृती काढते का, छोटा आकडा घालून बघते का, की तुमच्या तोंडाकडे बघते.

आता जॉमेट्रीबद्दल मला जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पुढे जायची घाई असलेले पालक जॉमेट्री उन्हाळ्यात उरकून टाकतात. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, क्रेडिट मिळतं, आणि मूल आठवीतच अल्जेब्रा टू ला येऊन बसतं. कारण काय तर जॉमेट्री सोपी आहे, कोन आणि त्रिकोण, सूत्रं थोडीच. पण जॉमेट्री हा इथल्या शाळेच्या गणितातला एकमेव कोर्स आहे जिथे मूल वर्षभर सिद्ध करायला शिकतं. आपल्याला पक्ष, साध्य, सिद्धता लिहायला लावायचे, बाकोबा, कोबाको, बाबाबा म्हणत आपण एकरूपता शिकलो, तेव्हा कंटाळा आला असेल पण हात बसला. समद्विभुज त्रिकोणात पायाचे कोन सारखे का, असं विचारलं तर पहिल्या महिन्यातलं मूल म्हणतं दिसतायत ना सारखे. ऑक्टोबरमध्ये तेच मूल शिरोबिंदूतून कोनाचा दुभाजक काढतं आणि दोन त्रिकोण बाकोबाने एकरूप करतं. डिसेंबरपर्यंत ते दुसऱ्याच्या सिद्धतेत खोट काढतं, म्हणतं तू जे सिद्ध करायचंय तेच वापरलंस. हे होण्यासाठी रोज थोडं थोडं चुकत जायला वेळ लागतो आणि सहा आठवड्यांत तो मिळत नाही, तिथे दोन दिवसांत एक चॅप्टर संपतो आणि टेस्ट असते पर्याय निवडायची. मग हीच मुलं माझ्याकडे प्रीकॅल्क्युलसला येतात आणि ट्रिगच्या (त्रिकोणमितीच्या) आयडेंटिटीजपाशी दोन्ही बाजू एकदम हलवायला लागतात, जे सिद्ध करायचं ते खरं धरून सुरुवात करतात. हुशार मुलं असतात. कॅल्क्युलेशन माझ्यापेक्षा जलद करतात. पण एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर का गेलो हे सांगता येत नाही. ते शिकवायला मग प्रीकॅल्क्युलसच्या वर्षात वेळ नसतो.

म्हणून तुमच्या मुलीने हायस्कूलमध्ये जाऊन वर्षभर जॉमेट्री घ्यायची योजना मला मुळात आवडली, उन्हाळ्यात उडी मारण्यापेक्षा ती फार चांगली आहे. अडचण आहे ती रोजच्या व्यवहाराची, आणि ती लहान समजू नका.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्याने बहुतेक पब्लिक हायस्कूल ८:३० च्या आधी आणि मिडल स्कूल ८:०० च्या आधी सुरू करता येत नाहीत. म्हणजे पहिल्या पिरियडला हायस्कूलला जायचं आणि मग मिडल स्कूलला यायचं हे पूर्वीसारखं सरळ बसत नाही, हायस्कूलचा पहिला पिरियड संपेपर्यंत मिडल स्कूलचे दीड-दोन पिरियड होऊन गेलेले असतात. झीरो पिरियड, म्हणजे शाळेच्या नेहमीच्या वेळेआधीचा तास, या कायद्याच्या बाहेर आहे, त्यामुळे हायस्कूल झीरो पिरियडला जॉमेट्री देत असेल तर उत्तम. दुसरं, हायस्कूल बहुधा ब्लॉक शेड्यूलवर असतं, एक दिवसाआड ९० मिनिटं, आणि मिडल स्कूल रोज ५० मिनिटं, मग ज्या दिवशी जॉमेट्री नाही त्या दिवशी मूल कुठे बसणार? ऑफिसमध्ये बसलेली मुलं मी बघितलीत. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती ज्या वेळी निघून येते त्यामुळे टीचरचं ट्युटोरियल, लंचमधली मदत, टेस्टच्या आदल्या दिवशीचा रिव्ह्यू, हे सगळं तिच्या हातून जातं. मोठ्या मुलांमध्ये बसायची भीती पालकांना जास्त वाटते पण एका पिरियडपुरतं ते बहुधा निभतं, तेरा वर्षांची पोरं पंधरा वर्षांच्यांबरोबर ठीक राहतात. मदत मागायला जागा नाही हे मात्र मुलांना आतून पोखरतं, कारण आजवर कधी मदत लागलेलीच नसते आणि मागायची कशी तेही माहीत नसतं. तेव्हा प्रिन्सिपॉलना विचारताना बसचं विचारालच, त्याबरोबर हेही विचारा की आठवड्यातून एकदा तिला जॉमेट्रीच्या टीचरशी बसायला वेळ कधी मिळेल. आणि तुमच्या मिडल स्कूलमध्ये अशी दहा-बारा मुलं असतील तर हायस्कूलच्या टीचरने एका पिरियडला तिकडे यावं ही मागणी सगळ्या पालकांनी मिळून करा, एक मोठा माणूस हलवणं मुलं हलवण्यापेक्षा सोपं असतं.

कायद्याचं. कॅलिफोर्नियाचा २०१५ चा मॅथ प्लेसमेंट अॅक्ट लोक मला दाखवतात आणि म्हणतात आमचा हक्क आहे. तो कायदा नववीत येणाऱ्या मुलांसाठी आहे. आठवीत चांगलं अल्जेब्रा करून आलेल्या मुलांना, विशेषतः ब्लॅक आणि लॅटिनो मुलांना, नववीत परत तेच करायला बसवलं जात होतं म्हणून तो आला. प्लेसमेंटचे निकष एकापेक्षा जास्त आणि वस्तुनिष्ठ हवेत, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात परत एकदा तपासायचं, आणि पालकांना दाद मागायची सोय हवी, हे त्यात आहे. सातवी-आठवीतल्या मुलीला हायस्कूलमध्ये पाठवायचा हक्क त्यात नाही, पण त्यातली पद्धत चांगली आहे आणि तुम्ही तीच शाळेला सुचवू शकता: सप्टेंबरमध्ये परत बघू, जमत नसेल तर आरडाओरडा न करता अल्जेब्रा वन मध्ये परत येईल, तिची जागा राखून ठेवा. हे आधी ठरलेलं असलं की मुलीवरचं ओझं निम्मं होतं.

ट्रान्सक्रिप्टचं (हायस्कूलच्या ग्रेडची अधिकृत नोंद) पण विचारून घ्या. यूसी सातवी-आठवीतलं हायस्कूल लेव्हलचं गणित विषयाच्या अटीत धरते पण जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाही. तुमचं हायस्कूल मात्र तो ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर दाखवेल किंवा नाही दाखवणार, ते डिस्ट्रिक्टवर आहे. व्हर्जिनियात मिडल स्कूलमध्ये घेतलेल्या हायस्कूल कोर्सचा ग्रेड काढून टाकायची विनंती पालक करू शकतात, तशी सोय तुमच्याकडे आहे असं गृहीत धरू नका. आणि कॅलिफोर्नियात अल्जेब्रा आधीच झालेलं असलं तरी नववी ते बारावीत गणिताचे किमान २ कोर्स करावेच लागतात.

आता जरा विषय सोडून, पण मला हे बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या मुलांचे आईवडील असे प्रश्न विचारत नाहीत त्यांचं काय? सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं अल्जेब्रा वन सगळ्यांसाठीच बंद केलं, समानता यावी म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर कोर्स केले, बाकीच्यांना वाट उरली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या स्कूल बोर्डाने ते परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये मतदारांनी ८० टक्क्यांहून जास्त मतांनी तेच सांगितलं. मला टेक्सासचा २०२३ चा कायदा जास्त पटतो, पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल सहावीत आपोआप अॅडव्हान्स्ड गणितात जातं, नको असेल तर पालकांनी लिहून द्यायचं. नॉर्थ कॅरोलिनात २०१८ पासून राज्याच्या परीक्षेत सगळ्यात वरच्या लेव्हलला असलेल्या मुलाला गणिताचा अॅडव्हान्स्ड वर्ग द्यावा लागतो. आमच्या कमिटीसमोर जी मुलं येतात त्यातली बहुतेक बाहेरचे क्लास केलेली असतात, आणि कधीतरी एखाद्या टीचरने हात धरून आणलेली मुलगी येते, घरी इंग्लिश नाही, क्लास नाही, आणि टाकीचा प्रश्न ती बोटांवर सोडवते. तिच्यासाठी कोणी ईमेल लिहिलेलं नसतं. तुम्ही शाळेशी बोलणारच आहात तर टेस्ट सगळ्या सातवीला द्या असंही म्हणा. तुमच्या मुलीचं त्यात काही कमी होत नाही.

तर तुमच्या मुलीसाठी माझं म्हणणं असं. एप्रिलमध्ये वरचे चार-पाच प्रश्न घरी करून बघा. मेमध्ये टेस्ट द्या आणि विषयवार पान मागा. दोन्हीकडे ठीक दिसलं, मॅथ एटचा भूमितीचा भाग उन्हाळ्यात भरून निघाला, आणि शेड्यूल व मदतीची वेळ शाळेने लेखी दिली, तर बिनधास्त पाठवा. वहीत अर्थ कच्चा दिसला तर अल्जेब्रा वन शाळेत परत करू द्या, ते वाया जात नाही, फक्त तिला कंटाळू देऊ नका: शनिवारचा क्लास बंद करून त्या जागी मॅथ सर्कल (मुलांनी एकत्र बसून अवघड प्रश्नांवर विचार करायचा गट) घ्या, बर्कलीत आहे, सॅन होजेत आहे, किंवा एएमसी ८ या मिडल स्कूलच्या गणित स्पर्धेचे जुने पेपर, ४० मिनिटांत २५ प्रश्न, सोडवू द्या आणि त्यातला एकच अवघड प्रश्न आठवडाभर डोक्यात ठेवू द्या. आणि वही ठीक पण शेड्यूल जुळतच नाही असं असेल तर शाळेतच लायब्ररीत बसून डिस्ट्रिक्टने मान्य केलेली वर्षभराची ऑनलाइन जॉमेट्री, त्यात सिद्धता लिहून घेणारा आणि तपासणारा जिवंत टीचर आहे का हे आधी बघून. तसा टीचर नसेल तर ती घेऊ नका, एक वर्ष थांबा आणि नववीत नीट जॉमेट्री करा, त्यानेही ती बारावीत कॅल्क्युलसला पोचतेच.

मुलीला काय वाटतं हे तुमच्या प्रश्नात कुठे आलं नव्हतं, तेवढं टेस्टच्या आधी तिला विचारून घ्या.